पहारा कसला, वाट कुणाची?

नोव्हेंबर सरत आला की सिंधुदुर्गातल्या कॅथलिक चर्चमध्ये वेदीवरचं हिरवं कापड उतरतं आणि जांभळं चढतं. फादरांचा मिस्साचा, म्हणजे उपासनेचा, झगाही जांभळा होतो. नाताळाला अजून चार आठवडे असतात. अशा वेळी शेजारपाजारच्या हिंदू घरांतून एक प्रश्न हमखास येतो: नाताळ म्हणजे येशूचा जन्मदिवस. त्याला जन्मून दोन हजार वर्षं होऊन गेली. मग ही मंडळी दर वर्षी वाट बघतात ती कुणाची? पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, तो जरा आवाज उतरवून विचारला जातो: ख्रिस्ती लोक जगबुडीची वाट बघतात म्हणे, खरं का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच शिकवणीत आहे. जागं राहा, तयार राहा, हे येशूचं सांगणं बायबलातल्या मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांत, पुन्हा पुन्हा येतं. कधी चोराची गोष्ट सांगून, कधी लग्नाची, कधी परगावी गेलेल्या धन्याची. ती समजून घ्यायला मालवणचा किनारा चांगला. येशूचे पहिले चार शिष्य मासेमार होते, आणि शेवटच्या दिवसाबद्दल त्याने सांगितलेला एक दृष्टान्त इथल्या माणसाला समजावून सांगावाच लागत नाही. त्याकडे पुढे येऊ.

आधी या भागातल्या ख्रिस्ती समाजाची थोडी ओळख. इथली बरीच कॅथलिक घराणी गोव्यातून वर सरकत सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या बाजूला वसलेली. घरात मालवणी किंवा कोकणी, शाळेत मराठी. ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत निघाला. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे येतात, आणि त्याचं मुख्य चर्च सावंतवाडीचं मिलाग्रीस. प्रॉटेस्टंट परंपरा इथे वेगळ्या वाटेने आली, अमेरिकन मिशनरी डॉक्टरांबरोबर. तिच्याबद्दलही पुढे सांगायचं आहे.

१. येऊन गेलेल्याची वाट

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो, आणि चर्चचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं. म्हणजे जानेवारी उजाडण्याच्या महिनाभर आधीच चर्चचं नवं वर्ष लागलेलं असतं.

आता एक गोष्ट बघण्यासारखी आहे. या पहिल्या रविवारी चर्चमध्ये काय वाचतात? कुणालाही वाटेल की मरियेची गोष्ट, बेथलेहेमची वाट, गव्हाणी. तसं होत नाही. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात: एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. तिन्ही वर्षी पहिल्या रविवारचा उतारा ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याबद्दलचा असतो. तो दिवस कुणाला ठाऊक नाही म्हणून जागं राहा, असं सांगणारा. बेथलेहेमकडे नजर वळते ती १७ डिसेंबरपासून, नाताळाला जेमतेम आठवडा उरलेला असताना.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. ख्रिस्ती श्रद्धेत आगमनं दोन आहेत. एक होऊन गेलेलं, दीनवाणं, गोठ्यातलं. दुसरं व्हायचं आहे, न्यायासाठी. आगमनकाळात माणूस पहिल्याची आठवण करत दुसऱ्यासाठी तयार होतो. बाराव्या शतकातला फ्रान्समधला संन्यासी क्लेअरव्होचा बर्नार्ड यांत तिसरं आगमन धरायचा: या दोहोंच्या मधलं, रोजचं, माणसाच्या आत होणारं. आधीची दोन कुणालाही दिसणारी, हे मधलं मात्र गुपचूप. बर्नार्डची ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे वाट बघण्याचं काम दूरच्या भविष्यातून उचलून आजच्या दिवसात येतं.

याच काळात, ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियरचा सण येतो. बेळगावकडून, सावंतवाडीकडून माणसं पायी जुन्या गोव्याला जातात. हा झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारला. त्याला कँटनला जायचं होतं. न्यायला येईन म्हणालेल्या व्यापाऱ्याच्या गलबताची तो वाट बघत होता. गलबत आलं नाही.

२. तारीख सांगणारे

दुसरा प्रश्न जगाच्या अंताचा. इथे एक गोष्ट अगदी साफ सांगायला हवी: तो दिवस आणि ती घटका कुणालाही ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही, असं खुद्द येशूनेच म्हटल्याचं मत्तय आणि मार्क दोघेही नोंदवतात. तरीसुद्धा तारीख काढणाऱ्यांची रांग संपलेली नाही.

सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकातले आकडे मांडून त्याने हिशेब केला की ख्रिस्त १८४३-४४ मध्ये येणार. ती मुदत उलटली. मग त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही नेमकी तारीख ठरवली. हजारो लोकांनी ती मानली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. काढून करायचं काय, असा त्यांचा विचार. तो दिवस इतर दिवसांसारखा मावळला. माणसं रडली, काही श्रद्धेलाच मुकली. अमेरिकेच्या इतिहासात ती घटना 'महानिराशा' या नावाने ओळखली जाते.

पण हा रोग मिलरपेक्षा खूप जुना आहे. इसवी सन ५० च्या सुमारास प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांत त्याची गणना होते. प्रभू येणारच आहे म्हणून तिथे लोक अस्वस्थ झाले होते. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दिसतं की काही जण कामधंदा टाकून इकडेतिकडे लुडबुड करत फिरत होते. त्यांना दिलेलं उत्तर खरमरीत आहे: काम न करणाऱ्याने जेवायलाही बसू नये. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा, त्यामुळे हे सांगायचा त्याला अधिकार होता.

यातून जागेपणाची एक खूण हाती लागते. जो जागेपणा माणसाला रोजच्या कामातून उठवतो, तो ख्रिस्ती परंपरेच्या लेखी जागेपणाच नव्हे. तारीख कळली तर माणूस तारखेसाठी तयार होतो आणि बाकीचे दिवस मोकळे सोडतो. म्हणून ती झाकलेली आहे, असं अनेक भाष्यकारांनी म्हटलं आहे.

३. दहाही जणी झोपल्या होत्या

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारिकांचा दृष्टान्त आहे. लग्नघर. वराला सामोरं जायला दहा मुली दिवे घेऊन निघाल्या. पाच जणींनी दिव्यांबरोबर भांड्यात जादा तेल घेतलं, पाच जणींनी घेतलं नाही. वराला उशीर झाला. मध्यरात्री हाक आली, वर आला म्हणून. सगळ्या उठल्या, दिवे नीट करू लागल्या. तेल नसलेल्यांचे दिवे विझायला आले होते. त्यांनी दुसऱ्यांकडे तेल मागितलं, त्या म्हणाल्या, तुम्हांआम्हांला पुरणार नाही, विकत आणा. त्या बाजाराकडे गेल्या आणि इकडे वर येऊन दार बंद झालं.

हा दृष्टान्त शेकडो वेळा ऐकलेल्यांच्या नजरेतूनही एक तपशील निसटतो. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना डुलकी लागली. शहाण्या पाचही झोपल्या होत्या. म्हणजे गोष्टीच्या शेवटी जागं राहायला सांगितलं असलं, तरी गोष्टीत रात्रभर जागलेलं कुणीच नाही. आणि झोपेबद्दल कुणालाही दोष दिलेला नाही. फरक झाला तो संध्याकाळीच, तेल भरताना.

रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, काम केलेल्या माणसाला हे लगेच उमगेल. मासळीचा थवा किनाऱ्याला कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. अनुभवी माणसं पाण्याचा रंग बघतात, वर घिरट्या घालणारे पक्षी बघतात, आणि थवा दिसला की होडी लोटायची घाई होते. त्या क्षणी जाळं फाटकं निघालं तर ते सांधायला वेळ नसतो. दोर कुजलेला असेल तर तो तिथेच तुटतो. म्हणून जाळं दुरुस्त होतं ते समुद्र रिकामा असताना, पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना, वाळूवर बसून. त्या वेळी ते काम बघणाऱ्याला कुणी म्हणणार नाही की हा माणूस पहाऱ्यावर आहे. पण तो पहाराच असतो. मत्तय सांगतो की येशूने याकोब आणि योहान या भावांना बोलावलं तेव्हा ते बापाबरोबर होडीत बसून जाळीच नीट करत होते.

मग शहाण्या मुलींनी तेल का दिलं नाही? हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण येशूची बाकी सगळी शिकवण देण्याची आहे. परंपरेने दिलेलं उत्तर असं की काही गोष्टी ऐनवेळी उसन्या मिळत नाहीत. वर्षानुवर्षं केलेली प्रार्थना, निस्तरलेली भांडणं, माफ केलेली माणसं हे दुसऱ्याच्या भांड्यातून आपल्या दिव्यात ओतता येत नाही.

याच अध्यायात लागून धन्याने नोकरांना दिलेल्या ठेवींची गोष्ट येते. एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षात तीनशे दिवस काम धरलं तर एका तालांताची वीस वर्षांची मजुरी होते. सर्वांत कमी मिळालेल्या नोकराच्याही हाती एवढं आलं होतं. त्याने भीतीपोटी ते जमिनीत पुरलं. धन्याचा राग त्या पुरण्यावर आहे. राखण करणं म्हणजे पुरून ठेवणं, असं त्याला वाटलं होतं.

४. इथल्या किनाऱ्याचा दृष्टान्त

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला दृष्टान्त दोन-तीन ओळींचा आहे. समुद्रात एक जाळं टाकलं. त्यात सगळ्या प्रकारचे मासे आले. भरल्यावर लोकांनी ते किनाऱ्यावर ओढलं, खाली बसून चांगले मासे टोपल्यांत भरले, टाकाऊ फेकून दिले. काळाच्या शेवटी असंच होईल, असं येशू सांगतो.

मालवणच्या, तारकर्लीच्या, देवबागच्या वाळूवर हे दृश्य पाहिलेल्या कुणालाही हे जाळं कुठलं ते कळेल. ही रापण आहे. होडी किनाऱ्यावरून जाळं सोडत अर्धवर्तुळ घेते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. जाळ्याचे दोन्ही दोर वाळूवरच्या माणसांच्या हातात असतात. दोन रांगा हळूहळू ओढत जवळ येतात. शेवटी जाळ्याचा घोळ वाळूवर येतो आणि त्यात बांगडा असतो, तारली असते, पेडवे असतात, खेकडे, जेलीफिश, कचरा, सगळं असतं. मग निवड होते आणि वाटे पडतात.

या दृष्टान्तात निवड कधी होते, हे महत्त्वाचं. समुद्रात होत नाही. जाळं मासळी पारखून आत घेत नाही, आणि ओढणाऱ्यांना ओढताना आत काय आहे ते दिसतही नाही. निवड किनाऱ्यावर होते, आणि दृष्टान्तानुसार ती करणारे देवदूत आहेत, माणसं नव्हेत. जागं राहायच्या शिकवणीचा गैरवापर नेमका इथे होतो. स्वतःवर ठेवायचा पहारा माणूस शेजाऱ्यावर ठेवू लागतो: कोण मिस्साला आला नाही, कुणाच्या मुलीने कुणाशी लग्न केलं, कोण वाचेल, कोण बुडेल. तसा पहारा या दृष्टान्तात बसत नाही. ओढणाऱ्याचं काम ओढणं.

५. रात्रीचे चार प्रहर

मार्कच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी परगावी गेलेल्या धन्याची छोटी गोष्ट आहे. तो नोकरांना कामं नेमून देतो, दारवानाला जागं राहायला सांगतो. धनी कधी येईल ते माहीत नाही: संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे. रोमन पहारेकरी रात्रीचे असेच चार भाग करत, आणि दर भागाला पहारा बदलत असे.

पुढचे दोन अध्याय वाचताना मात्र अंगावर काटा येतो. संध्याकाळ झाली आणि येशू बारा शिष्यांबरोबर शेवटच्या भोजनाला बसला. रात्री गेथशेमाने बागेत त्याने पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना जागं राहायला सांगितलं, ते तीनदा झोपलेले सापडले. कोंबडा आरवला तेव्हा पेत्राने त्याला ओळखत नाही असं म्हटलेलं होतं. पहाट होताच येशूला रोमन सुभेदार पिलाताच्या हवाली केलं गेलं. मार्कने ते चार प्रहर एका रात्रीत बसवले आहेत. धनी जगाच्या अंताला येणार म्हणून नोकर आभाळाकडे बघत होते, आणि तो त्याच रात्री त्यांच्या समोर होता.

रात्री जागून प्रार्थना करायची रीत ख्रिस्ती समाजात अगदी आरंभापासून दिसते. इसवी सन ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले. त्यात संन्याशांनी रात्री अंगावर कपडे ठेवून, कमरेला पट्टा बांधून झोपावं असं आहे, म्हणजे हाक आली की उठून निघता यावं. पण कमरेची सुरी मात्र काढून ठेवावी, झोपेत लागू नये. बेनेडिक्टला माणसांनी झोपावं हे मान्य होतं. त्याला तयारी हवी होती, आणि कुणी जखमी व्हायला नको होतं. अध्यात्म सांगणाऱ्याने इतकं व्यवहारी असावं.

वर्षातली सर्वांत मोठी जागरणाची रात्र पुनरुत्थानाच्या सणाची. शनिवारी अंधार पडल्यावर चर्चबाहेर आग पेटवतात. त्या आगीवर मोठी मेणबत्ती पेटते. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. अंधाऱ्या चर्चमध्ये ती आत नेतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती लागते. मग जगाच्या उत्पत्तीपासूनची वाचनं. कित्येक शतकं हा विधी घसरत घसरत शनिवारी सकाळीच उरकला जात होता, भर उजेडात मेणबत्ती. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली तो प्रथम रात्री करायला परवानगी दिली आणि १९५६ पासून तो सगळीकडे रात्रीचा झाला.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना असते. तिचं एक मूळ इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांत आहे. शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवणारे हे कामगार जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाच्या प्रवचनांनी बदलले आणि १७४० च्या सुमारास तीच रात्र प्रार्थनेत घालवू लागले. वेस्लीने ही रीत उचलली, पण पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरला, म्हणजे लोकांना घरी परतताना चांदणं मिळावं.

कोकणपट्टीला रात्र जागवण्याची सवय काही चर्चने लावली नाही. गोव्यात शिवोलीला नाताळ झाल्यावर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून गावच्या राखणदारासाठी रात्रभर जागर करतात. चर्चच्या शिकवणीत त्याला स्थान नाही, त्याचं मूळ वेगळं. पण राखणीसाठी जागायचं असतं हे इथल्या माणसाला आधीपासून माहीत होतं, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

६. आत्ता, आणि मरणाच्या वेळी

जगाचा अंत कधी का होईना, प्रत्येकाच्या जगाचा अंत ठरलेलाच आहे. सामान्य ख्रिस्ती माणसाच्या मनात तयारी म्हणजे बहुधा याची तयारी.

कॅथलिक घरांत संध्याकाळी तेर्स होतो, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या जपमाळेत नमो मरियेची प्रार्थना पन्नास वेळा, आणि सुरुवातीच्या तीन धरून त्रेपन्न वेळा येते. तिच्या शेवटी मरियेकडे दोन वेळांसाठी विनंती असते: आत्तासाठी, आणि मरणाच्या घटकेसाठी. म्हणजे रोज तेर्स म्हणणाऱ्या घरातलं पोरही रोज त्रेपन्न वेळा आपल्या मरणाचं नाव घेतं, आणि मग उठून जेवायला बसतं. मरणाचा बाऊ न करता त्याची ओळख ठेवायची ही पद्धत इतकी साधी आहे की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

सर्व संतांच्या जुन्या प्रार्थनामालेत अवचित, तयारीविना येणाऱ्या मरणापासून सोडवण्याचं मागणं आहे. आजकाल बहुतेकांना झोपेत, नकळत मरण यावं असं वाटतं. जुन्या ख्रिस्ती माणसाला त्याचीच भीती वाटे, कारण कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, करायला, ज्याच्याशी अबोला होता त्याच्याशी बोलायला वेळ मिळणार नाही. ज्या घरांतले पुरुष पहाटे होडी घेऊन आत जातात, तिथे हे मागणं पोकळ वाटायचं कारण नाही.

७. ज्याला ओळखलं नाही तो

मत्तयाचा पंचविसावा अध्याय ज्या प्रसंगाने संपतो, तो वाचल्याशिवाय तेल म्हणजे काय हे कळत नाही. राजा सिंहासनावर बसला आहे, सगळी राष्ट्रं समोर आहेत. काहींना तो म्हणतो की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला जेवू घातलं, आजारी होतो तेव्हा भेटायला आलात, तुरुंगात होतो तेव्हा आलात. ते चकित होऊन विचारतात, आम्ही तुला कधी पाहिलं? दुसऱ्या बाजूचेही तोच प्रश्न विचारतात. दोन्ही बाजूंना तो ओळखू आलेला नाही. ज्यांनी केलं त्यांनी त्याला ओळखून केलं नव्हतं.

जगबुडीच्या आकडेमोडीला याहून मोठं उत्तर नाही. ज्याची वाट बघायची तो आधीच दारात आहे, पण रोग्याच्या, उपाशी माणसाच्या रूपात.

महाराष्ट्रात याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या. विणकाम, शेती, छापखाना, स्वयंपाक, शाळा, हे सगळं मुली चालवत. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमायला कोण तयार आहे असं विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. जूनअखेर तिथे जे धार्मिक चैतन्य उसळलं, मुलींचं रडणं, पापांची कबुली, तासन्‌तास प्रार्थना, त्याच्या बातम्या जगभर गेल्या आणि आजही त्यावर पुस्तकं निघतात. पण एवढ्याच गोष्टीवर थांबणं रमाबाईंवर अन्याय आहे. ती प्रार्थना ज्या घरात झाली, ते घर आठ-नऊ वर्षं आधी भुकेल्या मुलींना जेवू घालून उभं राहिलं होतं. तेल आधी भरलेलं होतं.

त्याच रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर हाती घेतलं. मूळ भाषा समजावी म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा वारली. रमाबाई काम करत राहिल्या आणि ते उरकून ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या.

सिंधुदुर्गात हीच गोष्ट लहान प्रमाणावर वेंगुर्ल्यात घडली. रॉबर्ट गोहीन हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर तिथे राहिले आणि सेंट ल्यूक्स हॉस्पिटल चालवलं. तेव्हा मुंबईला जायचं तर बोटीने, कोल्हापूरला जायचं तर घाट चढून. त्यांचा मुलगा, रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन, १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत. मुलाचं नाव विश्वकोशांत आहे. बापाने दिवसामागून दिवस तापाच्या आणि बाळंतपणाच्या रोग्यांपाशी काढले. पंचविसाव्या अध्यायातला राजा ज्याबद्दल बोलतो ते हे काम.

लूकच्या बाराव्या अध्यायात आणखी एक धक्का आहे, तो इथेच सांगायला हवा. कंबर बांधून, दिवे लावून धन्याची वाट बघणारे नोकर. धनी लग्नाहून उशिरा परततो आणि त्यांना जागं पाहतो. मग काय करतो? स्वतः कंबर बांधतो, नोकरांना पंगतीला बसवतो आणि वाढतो. धन्याने नोकरांना वाढणं त्या काळच्या ऐकणाऱ्यांना कल्पनेपलीकडचं होतं.

८. आणि झोप लागली तर?

हे सगळं वाचून प्रामाणिक माणसाला धास्ती वाटते. आपण तर झोपतोच. रविवारचं प्रवचन चालू असताना झोपतो, शेजाऱ्याचं दुखणं कळूनही दोन दिवस जात नाही, माफी मागायची राहून जाते. दार बंद झालं तर?

याचं उत्तर शुभवर्तमानांनी नियमातून दिलेलं नाही, पेत्राच्या गोष्टीतून दिलं आहे. जागं राहायला सांगितल्यावर झोपलेल्या तिघांतला एक तोच. कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारणारा तोच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तो पुन्हा आपल्या जुन्या धंद्यावर, होडीत आहे. रात्रभर जाळी टाकून काही मिळालेलं नाही. पहाटे किनाऱ्यावर कुणी उभा आहे, तो उजव्या बाजूला जाळं टाकायला सांगतो. एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात आणि जाळं फाटत नाही. किनाऱ्यावर कोळशाची आग आहे, तिच्यावर मासे आणि भाकर. पेत्राने येशूला नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्या आगीशीच शेकत उभा होता, हे योहान आधी सांगून गेला आहे. न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा एकच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तिन्ही वेळा काम सोपवतो: माझी मेंढरं राख. झोपलेल्या दारवानाच्या हाती पुन्हा दार दिलं जातं.

नव्या करारात पेत्राच्या नावाने जे पहिलं पत्र आहे, त्याच्या पाचव्या अध्यायात विश्वासणाऱ्यांना सावध आणि जागं राहायला सांगितलं आहे. झोपेची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? ते वचन चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत शतकानुशतकं म्हटलं जात आलं आहे, संन्याशांनी दिवे मालवून निजायला जायच्या आधी.